साठ क्रेडिटांची पदवी

कॅलिफोर्नियातल्या क्युपर्टिनोमध्ये मराठी घरे पुष्कळ आहेत. त्यांतल्या एखाद्या घरातली नात हायस्कूल संपवून गावातल्याच दि आन्झा कॉलेजात जायचे ठरवते, तेव्हा पुण्याहून फोनवर पहिला प्रश्न येतो, ‘किती वर्षांचा कोर्स आहे गं?’ ‘दोन वर्षांचा, आजोबा.’ ‘म्हणजे डिप्लोमा?’ ‘नाही, पदवी. असोसिएट इन आर्ट्स.’ यावर आजोबांना काय बोलावे ते कळत नाही. दोन वर्षांत डी.एड. होते, आयटीआय होते. पदवी कशी होईल? फार तर त्यांना त्यांच्या काळातले ‘इंटर आर्ट्स’ आठवते. मॅट्रिकनंतर दोन वर्षांनी ती परीक्षा असायची, आणि ‘इंटरपर्यंत शिकलो’ हे वाक्य लोक सांगत असत ते थोड्या अभिमानाने आणि थोड्या खंतीने. इंटर हा जिन्यातला मधला टप्पा होता. तिथे थांबणाऱ्याच्या हाती पदवी पडत नसे.

अमेरिकेने त्या मधल्या टप्प्यालाच पदवीचे नाव दिले. ती मिळवायला काय काय करावे लागते, याची यादी कॉलेजच्या माहितीपुस्तकात जेमतेम दोन-तीन पानांत मावते. पण त्या यादीतली एकही ओळ आपोआप आलेली नाही. कुठली एका पोलादसम्राटाच्या देणगीतून आली आहे, कुठली एका हिब्रूच्या प्राध्यापकाच्या हट्टातून, तर कुठली महिनोन्महिने संपावर बसलेल्या विद्यार्थ्यांमुळे. म्हणून ती यादी एकेक ओळ थांबून वाचण्यासारखी आहे.

आधी नावाचा घोळ मिटवू. या पदवीतले ‘आर्ट्स’ म्हणजे ‘लिबरल आर्ट्स’, आणि त्यांना मराठीत कोणी ‘उदारमतवादी कला’ म्हणते, कोणी नुसते ‘कला शाखा’. दोन्हींनी दिशाभूल होते. यातल्या ‘लिबरल’चे मूळ लॅटिनमध्ये आहे. तिथे त्याचा अर्थ स्वतंत्र माणसाला साजेसे, म्हणजे जो कोणाचा गुलाम नाही त्याने शिकावे असे. आणि ‘आर्ट्स’ म्हणजे चित्रकला नव्हे, विद्या. आपल्याकडे चौदा विद्या आणि चौसष्ट कला मोजल्या गेल्या, तशा मध्ययुगीन युरोपने सात मोजल्या. व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व ही तीन शब्दांची. अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोल ही चार संख्यांची. संगीत गणितात कसे, असे आज वाटेल. पण तारेची लांबी आणि सुराची उंची यांचे गुणोत्तर त्या लोकांना अंकगणिताइतकेच स्वच्छ दिसत होते. सातपैकी चार विद्या आकड्यांशी निगडित होत्या, ही गोष्ट ‘गणित सुटावे म्हणून आर्ट्स घेतले’ म्हणणाऱ्या आपल्या समाजाने जरूर लक्षात ठेवावी.

आता यादी. सर्वांत वरची ओळ बहुतेक ठिकाणी सारखीच असते: एकूण ६० सेमिस्टर क्रेडिट. दि आन्झासारख्या कॉलेजात वर्ष सेमिस्टरऐवजी साधारण बारा-बारा आठवड्यांच्या सत्रांत विभागलेले असते. तिथे हाच आकडा ९० होतो, पण काम तेवढेच असते.

क्रेडिट म्हणजे काय? ढोबळ मानाने पंधरा आठवडे, दर आठवड्याला वर्गात एक तास आणि वर्गाबाहेर अभ्यासाचे किमान दोन तास. सरकारी आर्थिक मदतीच्या नियमांत ही व्याख्या आज लिहून ठेवलेली आहे. पण विद्या तासांत मोजण्याची ही पद्धत कुठल्या शिक्षणतज्ज्ञाने सुचवलेली नाही. ती निवृत्तिवेतनाच्या पोटातून आली. पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगीने १९०५ मध्ये महाविद्यालयीन प्राध्यापकांच्या पेन्शनसाठी एक कोटी डॉलर दिले. पैसे वाटायचे तर खरे कॉलेज कोणते आणि कॉलेजची पाटी लावलेले हायस्कूल कोणते, हे ठरवणे आले. तेव्हा कार्नेगी प्रतिष्ठानाने अट घातली की प्रवेशासाठी हायस्कूलचे किमान १४ ‘युनिट’ मागणाऱ्या संस्थेलाच कॉलेज समजले जाईल. एक युनिट म्हणजे एका विषयाचे वर्षाला सुमारे १२० तास. प्राध्यापकांची म्हातारपणची सोय पणाला लागली म्हटल्यावर देशभरच्या संस्थांनी भराभर आपले अभ्यासक्रम या मापात बसवले. हायस्कूलसाठी निघालेले हे माप कॉलेजातही रुजले, आणि ज्ञानाचे नाणे म्हणून तास चलनात आला.

या तासांचा हिशोब मांडून पाहिला की ‘दोन वर्षांची पदवी’ या शब्दांतली गोम कळते. ६० क्रेडिट चार सेमिस्टरमध्ये संपवायचे तर दर सेमिस्टरला १५ घ्यावे लागतात. म्हणजे वर्गातले १५ आणि घरचे ३० मिळून आठवड्याला ४५ तास, एका पूर्ण नोकरीपेक्षा जास्त. आणि सरकारी मदतीसाठी पूर्णवेळ विद्यार्थी म्हणवून घ्यायला १२ क्रेडिट पुरतात. दरवेळी १२ घेणारी मुलगी सगळे नियम पाळून, एकदाही नापास न होता, दोन वर्षांनी ४८ वर असते. अजून एक आख्खे सेमिस्टर बाकी. कम्युनिटी कॉलेजांतले, म्हणजे अशा दोन वर्षांच्या सार्वजनिक कॉलेजांतले, बहुसंख्य विद्यार्थी तर अर्धवेळच शिकतात. दुकानात, गोदामात, रुग्णालयात पाळी करून संध्याकाळी वर्गात बसतात. त्यांच्यासाठी ही पदवी तीन, चार, पाच वर्षांची होते. माझ्या मते या पदवीची सर्वांत कठीण अट हीच, आणि ती यादीत कुठेच छापलेली नसते.

हा मधला टप्पा पदवी कसा झाला? शिकागो विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर हे हिब्रूचे मोठे पंडित. खरे विद्यापीठीय काम तिसऱ्या वर्षापासून सुरू होते, पहिली दोन वर्षे ही एका अर्थी हायस्कूलचीच पुढची पायरी, असे त्यांचे ठाम मत होते. त्यांनी आपल्या विद्यापीठातच पदवीपूर्व शिक्षणाचे दोन भाग केले, आणि पहिला भाग पुरा करणाऱ्याला ‘असोसिएट’ ही उपाधी १९०० च्या सुमारास देऊ केली. त्यामागचा विचार माणुसकीचा होता. दोन वर्षांनी थांबणाऱ्या विद्यार्थ्याने ‘अर्धवट सोडले’ असा शिक्का घेऊन का जावे? त्याने एक टप्पा पुरा केला आहे, तसे सांगणारे काहीतरी त्याच्या हाती असावे. शिकागोजवळच्या जोलिएट गावी हायस्कूल चालवणारे जे. स्टॅन्ली ब्राउन आणि हार्पर यांच्या विचारविनिमयातून १९०१ मध्ये त्या हायस्कूलच्या इमारतीतच दोन वर्षांचे कॉलेज सुरू झाले. विद्यार्थी होते सहा. जोलिएट ज्युनिअर कॉलेज आजही चालू आहे आणि अमेरिकेतले सर्वांत जुने सार्वजनिक कम्युनिटी कॉलेज म्हणून ओळखले जाते. पुढे दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी कॉलेजे भरून गेली, १९४७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या आयोगाने घरापासून जाण्यायेण्याच्या अंतरावर स्वस्त दोन वर्षांची कॉलेजे असावीत असे सुचवले, आणि ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव सर्वतोमुखी झाले.

६० क्रेडिट कशाने भरायचे, यावर प्रत्येक राज्याचे उत्तर निराळे आहे. कॅलिफोर्नियाचे मी जरा सविस्तर सांगतो, कारण तिथे अशी ११६ कॉलेजे आहेत आणि स्थानिक रहिवाशाला एका सेमिस्टर युनिटचे (तिथे क्रेडिटला ‘युनिट’ म्हणतात) ४६ डॉलर शुल्क पडते, म्हणजे पुस्तके सोडून पूर्ण पदवी २,७६० डॉलरमध्ये. २०२५ च्या शरद सत्रापासून तिथे चार वर्षांच्या सार्वजनिक विद्यापीठांत पुढे जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी ३४ युनिटांचा एकच सामान्य शिक्षणक्रम लागू झाला. त्यात इंग्रजी लेखन, चिकित्सक विचार आणि भाषण यांचे मिळून तीन अभ्यासक्रम, एक गणिताचा, एक कलेचा, एक मानव्यविद्येचा, दोन सामाजिक शास्त्रांचे, एक भौतिक आणि एक जीवशास्त्रीय विज्ञानाचा, सोबत प्रयोगशाळा, आणि एक ‘एथनिक स्टडीज’चा, म्हणजे वांशिक समाजांच्या अभ्यासाचा. बाकीच्यात किमान १८ युनिट आपल्या मुख्य विषयाचे, उरलेले आवडीचे. सरासरी किमान ‘सी’, म्हणजे ४ पैकी २. आणि किमान १२ युनिट त्याच कॉलेजात केलेले असावेत, म्हणजे सगळे बाहेर शिकून फक्त कागद इथून न्यायचा असे होऊ नये.

या सगळ्यात लेखनाचा अभ्यासक्रम मला मुकुटमणी वाटतो. एका सेमिस्टरमध्ये विद्यार्थ्याने पाच-सहा हजार शब्द लिहायचे असतात, आणि तेही एका बैठकीत नाही. कच्चा खर्डा द्यायचा, त्यावर शिक्षकांचे शेरे घ्यायचे, वर्गमित्रांनी वाचायचा, मग पुन्हा लिहायचा. विषय काहीही असो, प्रश्न एकच: तुझे म्हणणे काय, आणि ते मी का मानावे? दुसऱ्याचे मत सांगितले तर कोणाचे, कुठून घेतले, ते लिहायचे. हार्वर्डने १८७४ च्या सुमारास प्रवेशासाठी इंग्रजी निबंध लिहायला लावला आणि मुलांना लिहिता येत नाही हे पाहून हादरलेल्या प्राध्यापकांनी पहिल्या वर्षाला लेखन सक्तीचे केले, तिथपासूनची ही परंपरा आहे. आपल्याकडे पदवीची तीन वर्षे सरतात, पेपरांत शेकडो पाने लिहून होतात, पण स्वतःचा एक परिच्छेद दोनदा लिहून काढायला आपल्याला कोणी सांगत नाही. नोट्स, गाइड, अपेक्षित प्रश्नसंच यांच्या जोरावर आपण ‘लिहितो’. मराठीतून शिकवणाऱ्या प्रत्येक कॉलेजात हा एकच अभ्यासक्रम, मराठीत, सक्तीचा व्हावा असे मला मनापासून वाटते.

गणिताची कथा वेगळी आहे. वर्षानुवर्षे कॅलिफोर्नियातल्या कॉलेजांत शिरताना चाचणी होई, आणि तीत कमी पडलेल्यांना आधीच्या पायऱ्यांवर बसवले जाई. त्या वर्गांना पदवीचे क्रेडिट नसे. कोणी एक पायरी खाली, कोणी तीन. पैसे जात, सेमिस्टर जात, आणि पदवीच्या गणितापर्यंत पोहोचण्याआधीच पुष्कळ जण कॉलेज सोडत. यात गरीब, कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुले जास्त असत. २०१७ च्या कायद्याने हे बदलले. हायस्कूलचे गुण पाहून विद्यार्थ्याला सरळ पदवीच्या वर्गात बसवायचे, आणि मदत लागली तर त्याच सेमिस्टरमध्ये जादा तास द्यायचे. शिवाय इतिहास किंवा मानसशास्त्र घेणाऱ्याने बीजगणिताच्या वाटेनेच जावे असा आग्रह सैल झाला, संख्याशास्त्र चालू लागले. वर्तमानपत्रातली सरासरी, टक्केवारी, मतदानपूर्व चाचण्या यांवर विश्वास किती ठेवायचा हे ज्याला कळते, त्याने नागरिक म्हणून लागणारे गणित शिकले असे मी म्हणेन.

कलेच्या पदवीला प्रयोगशाळा कशाला, हा प्रश्न तिथली मुलेही विचारतात. एका युनिटच्या प्रॅक्टिकलसाठी आठवड्याचे तीन तास जातात. पण आपल्याकडचा मुलगा दहावीनंतर कला शाखेत जातो, तेव्हा पंधरा-सोळाव्या वर्षी परीक्षानळीचा कायमचा निरोप घेतो. विज्ञान शाखेतली मुलगी त्याच वयात इतिहासाचा घेते. पुढचे आयुष्य दोघेही एकमेकांचे विषय ‘ऑप्शनला टाकून’ जगतात. क्युपर्टिनोची नात मात्र साहित्याची पदवी घेताना खडक घासून त्याची कठीणता पाहते किंवा कांद्याच्या सालीखालच्या पेशी सूक्ष्मदर्शकात मोजते. ती भूगर्भशास्त्रज्ञ होणार नाही. पण मोजणी चुकली तर पुन्हा मोजायची असते, मत बदलायचे असते, हे तिने हाताने केलेले असते.

आणि तो वांशिक समाजांचा एक अभ्यासक्रम. नोव्हेंबर १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजातले कृष्णवर्णीय, आशियाई, लॅटिनो आणि मूलनिवासी विद्यार्थी संपावर गेले. आमच्या लोकांचा इतिहास शिकवणारा विभाग हवा, ही एक प्रमुख मागणी. पोलीस आले, शेकडो अटका झाल्या, संप मार्च १९६९ पर्यंत चालला आणि विभाग मिळाला. अर्ध्या शतकानंतर, २०२० मध्ये, कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने राज्याच्या ‘स्टेट युनिव्हर्सिटी’ या सार्वजनिक विद्यापीठाच्या प्रत्येक पदवीधराला या विषयातले तीन युनिट सक्तीचे केले, आणि तिथून ती अट दोन वर्षांच्या पदवीतही उतरली. आशियाई-अमेरिकनांचा अभ्यासक्रम निवडणाऱ्या मराठी मुलीला त्यात भगतसिंग थिंद भेटू शकतात. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात असलेल्या या माणसाला १९२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ‘तुम्ही गोरे नाही’ म्हणून नागरिकत्व नाकारले. आईवडिलांच्या व्हिसाच्या फायली पाहत वाढलेल्या मुलीला हे वाचताना काय वाटत असेल, याची कल्पना करता येते.

टेक्सासची यादी याहून अगदी निराळी. तिथे ४२ क्रेडिटांचा गाभा आहे आणि त्यात अमेरिकेचा इतिहास ६ व शासनव्यवस्था ६ असे बारा क्रेडिट कायद्यानेच बांधलेले. न्यूयॉर्कने विषयांची नावे बाजूला ठेवून प्रमाण धरले: ‘आर्ट्स’ म्हणायचे तर तीन-चतुर्थांश, म्हणजे ६० पैकी ४५ क्रेडिट लिबरल आर्ट्स आणि विज्ञानांचे हवेत, त्याहून कमी असतील तर पदवीचे नाव बदलते.

आणि आता एक असे कॉलेज, जिथे ही यादी जवळजवळ नाहीच. कॅलिफोर्निया आणि नेवाडाच्या सीमेजवळ वाळवंटी डोंगरांत डीप स्प्रिंग्ज नावाचे खोरे आहे. एल. एल. नन हा वीजनिर्मितीतला उद्योजक. कोलोराडोच्या खाणींपर्यंत प्रत्यावर्ती विद्युतप्रवाह नेणाऱ्या पहिल्या काहींपैकी एक. आपल्या वीजकेंद्रांत कामाला ठेवलेल्या तरुणांना तो काम आणि अभ्यास बरोबरीने करायला लावी. १९१७ मध्ये त्याने या खोऱ्यात दोन वर्षांचे कॉलेज काढले. विद्यार्थी पंचवीस-तीस. शिक्षण, राहणे, जेवण मोफत. त्या बदल्यात आठवड्याला सुमारे २० तास श्रम: गायींची धार काढणे, लसूणघासाच्या शेताला पाणी देणे, गुरे वळणे, सगळ्यांचा स्वयंपाक, भांडी. नव्या विद्यार्थ्यांची निवड विद्यार्थीच करतात, प्राध्यापक नेमण्यातही त्यांचे मत लागते. सत्र चालू असताना खोरे सोडून जायचे नाही आणि दारूला हात लावायचा नाही, हे नियम त्यांनी स्वतःवर घालून घेतलेले. शंभर वर्षे तिथे फक्त मुलगे होते. २०१८ पासून मुलीही आहेत.

सक्तीचे विषय फारच थोडे, त्यांत लेखन आणि वक्तृत्व. बाकी काय शिकायचे ते प्राध्यापक आणि विद्यार्थी मिळून ठरवतात. तरीही या कॉलेजची असोसिएट पदवी घेतलेली मुले पुढे देशातल्या नामांकित विद्यापीठांत जातात. हे वाचताना मला साताऱ्याची आठवण होते. ननच्या कॉलेजानंतर दोनच वर्षांनी, १९१९ मध्ये, कर्मवीर भाऊराव पाटलांनी काले येथे रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि ‘कमवा आणि शिका’ हा मंत्र रुजवला. दोघांना एकमेकांची खबर असण्याचे कारण नव्हते. एकाने निवडक मुलांना नेतृत्वासाठी घडवायचे ठरवले, दुसऱ्याने ज्यांच्या घरात पाटी कधी आली नव्हती त्यांच्यासाठी वसतिगृह उघडले. भाऊरावांचे काम मला कितीतरी मोठे वाटते. पण हाताला घट्टे पडल्याशिवाय शिक्षण पुरे होत नाही, यावर दोघांचे एकमत झाले असते.

आपल्याकडेही आता दोन वर्षांनी कागद मिळतो. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानुसार महाराष्ट्रात पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर साधारण ८० ते ८८ श्रेयांकांवर, म्हणजे क्रेडिटांवर, पदविका घेऊन बाहेर पडता येते. कला शाखेच्या मुलाला दुसऱ्या शाखेचा विषयही घ्यावा लागतो, ही मला आनंदाची गोष्ट वाटते. पण आपल्या रचनेत दुसरे वर्ष ही बाहेर पडण्याची खिडकी आहे. अमेरिकेच्या कम्युनिटी कॉलेजात येणाऱ्या बहुतेकांना तिथून पुढे, चार वर्षांच्या विद्यापीठात जायचे असते. त्यामुळे तिथे खरा प्रश्न असतो की पुढचे विद्यापीठ हे क्रेडिट मानेल का.

फ्लोरिडाने याचे उत्तर १९७१ मध्येच दिले. असोसिएट पदवी घेतलेल्याला राज्याच्या विद्यापीठ व्यवस्थेत प्रवेशाची हमी, आणि राज्यभर अभ्यासक्रमांना एकच क्रमांक, म्हणजे मायामीतला अभ्यासक्रम टॅलाहासीत ओळखला जातो. कॅलिफोर्नियाने २०१० मध्ये ६० युनिटांची खास ‘ट्रान्सफर’ पदवी काढली आणि ती घेणाऱ्याला स्टेट युनिव्हर्सिटीत जागेची हमी दिली. सगळीकडे असे नाही. अमेरिकी सरकारच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१७ मध्ये अंदाज दिला की एका कॉलेजातून दुसऱ्यात जाणाऱ्यांचे सरासरी सुमारे ४३ टक्के क्रेडिट वाटेत गळतात. इथे शिकलेले समाजशास्त्र तिथे ‘आमच्या समाजशास्त्रासारखे नाही’ ठरते, आणि मुलगी पुन्हा पहिल्या बाकावर येऊन बसते, पुन्हा पैसे भरून. म्हणून जाणते सल्लागार पहिल्याच भेटीत विचारतात, ‘तुला इथून कुठे जायचे आहे?’ आणि मग त्या विद्यापीठाच्या यादीवरून उलटे मोजत येतात.

शेवटची अट एका अर्जाची. ६० क्रेडिट पुरे झाले, गुण मिळाले, सगळे रकाने भरले, तरी बहुतेक कॉलेजांत पदवी आपोआप येत नाही. विद्यार्थ्याने ठरलेल्या तारखेच्या आत पदवीसाठी अर्ज करायचा असतो. मग कार्यालयातले कोणीतरी त्याची नोंद ओळीने तपासते: लेखन झाले, प्रयोगशाळा झाली, बारा युनिट इथले आहेत. कित्येक जण हा अर्ज न करताच चार वर्षांच्या विद्यापीठात निघून जातात, तर कित्येक जण पाच-दहा क्रेडिट कमी असतानाच जातात. अशांसाठी आता अनेक राज्यांत उलटा प्रवास चालतो. विद्यापीठात मिळवलेले क्रेडिट जुन्या कॉलेजकडे परत पाठवतात, तिथे बेरीज साठ झाली की असोसिएट पदवीचे प्रमाणपत्र छापले जाते आणि टपालाने घरी येते. तोवर मुलगी दुसऱ्या शहरात तिसऱ्या वर्षाची परीक्षा देत असते.